भिंतीवरची टॉमी

आमच्या प्रार्थनाघरात क्रुसाच्या डाव्या बाजूला दोन खिळ्यांवर एक टॉमी टांगलेली होती. टॉमी म्हणजे ट्रकचा टायर रिमवरून उचकटायची लोखंडी कांब. हातभर लांब, एका टोकाला चपटी. पांढरकवड्याच्या बायपासवर ज्याचं पंक्चरचं दुकान आहे त्याच्याकडे अशा तीन-चार तरी असतात. ही माझ्या नवऱ्याची होती, इंद्रजितची, आणि तिने दोन माणसं आडवी केली होती.

पहिला एका ट्रकचा क्लीनर. हवा कमी भरली म्हणून तो आईवरून बोलला. इंद्रजितने त्याच्या गळ्याखालचं हाड मोडलं. मी आत भाकरी थापत होते, आवाज आतपर्यंत आला, वाळलेली तुऱ्हाटी मोडावी तसा. दुसरा इंद्रजितचाच मावसभाऊ. त्याचा गुडघा अजून वाकत नाही. तिसरी मी. माझ्या वेळी त्याने टॉमी खाली टाकली आणि नुसत्या हाताने मारलं. तांड्यातल्या बाया म्हणाल्या, नशीबवान आहेस, जीव आहे त्याचा तुझ्यावर. माझा डावा कान तेव्हापासून ऐकत नाही.

प्रभूकडे आधी माझी सासू गेली, रुपीबाई. आम्हा बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात, मीही तिला याडीच म्हणते. पुंडलिकराव मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यावर आपल्या अंगणात पत्रे टाकून रविवारची प्रार्थना घ्यायचे. तापातून उठल्यावर याडी तिथे जाऊ लागली. मग मी. एका रविवारी इंद्रजित याडीला बोलवायला आला आणि दारातच बसून राहिला. दोन तास. उठला तेव्हा शर्टाचा पुढचा भाग रडून ओला झाला होता. उन्हाळ्यात खुनी नदीच्या डोहात त्याचा बाप्तिस्मा झाला.

लोकांना वाटतं, पाण्यातून वर आला आणि माणूस बदलला. तसं झालं नाही. पंधरा दिवसांत त्याने दुकानातल्या हवेच्या टाकीवर डोकं आपटून घेतलं, कारण समोरचा ड्रायव्हर हसला होता आणि त्याला मारायचं नव्हतं. कपाळ पुसत असताना तो मला म्हणाला, "मैना, असं नाई जमत. राग आला का मी 'धर' म्हनीन. तू काईबी करत असशीन तं सोडून ये, आन माहं मनगट धर."

"मले उचलून फेकशीन तू."

"फेकीन तं फेकीन. सोडू नको."

सात महिने आम्ही असं केलं. "धर" ऐकू आलं की मी पिठाच्या हातांनी धावायची. दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरायची आणि तिथेच, डिझेलच्या चिखलात उभं राहून, मोठ्याने प्रार्थना म्हणायची. डोळे मिटायची सोय नव्हती, पाठीमागून ट्रक मागे घेत असायचे. त्याचं मनगट थरथरायचं, चालू इंजिनावर हात ठेवल्यासारखं. कधी कधी माझा खांदा निखळेल असा हिसका बसायचा. ड्रायव्हर लोकांना तर करमणूकच झाली. "ओ पहलवान, बायको चेन बांधून ठेवते का तुले?" तो दात आवळून म्हणायचा, "बांधते जी." सुरुवातीला दिवसातून चारदा, मग दोनदा. सातव्या महिन्यात आठवड्यातून एकदा.

मग वार्षिक मेळावा आला. आर्णी, महागावपासून विश्वासी लोक आले होते. मास्तरांनी त्याला साक्ष द्यायला उभं केलं. इंद्रजितने टॉमी दोन्ही हातांवर धरून पुढे नेली आणि ठेवली. म्हणाला, "प्रभूनं माहा राग काढून घेतला." मंडप हालेलुयाने हलला. मीही रडले. पण तो माझ्या पिठाच्या हातांबद्दल बोलला नाही आणि मीही ते मनात दाबून टाकलं. मोठेपणा प्रभूचा होता, त्यात आपलं नाव कशाला?

मास्तरांनी स्वतः खिळे ठोकले. त्यानंतर नवीन कोणी आलं की ते टॉमीकडे बोट दाखवायचे. बाया लेकरांना उचलून तिला हात लावायला लावायच्या.

पुढच्याच आठवड्यात एका माणसाने इंद्रजितला शिवी दिली आणि त्याने हाक मारली, "धर!" मी धावले. मास्तर दुकानाच्या बाकड्यावर चहा पीत बसले होते. ते फार मऊ बोलतात, रागावत नाहीत. म्हणाले, "मैनाबाई, जे प्रभूनं काढून नेलं ते तुमी कायले धरता? हा अविश्वास झाला ना बाई." आम्ही दोघंही शरमलो. मी हात काढून घेतले, त्याच्या मनगटावर पिठाच्या बोटांच्या खुणा राहिल्या. त्याने त्या पँटला पुसल्या. त्यानंतर दोन वर्षं त्याने मला हाक मारली नाही.

राग गेला नव्हता. तो मुका झाला होता, एवढंच. इंद्रजितने लोखंडी बादली पायाने चेपून टाकली. दुकानामागच्या कुत्रीने चपला नेल्या म्हणून तिला लाथ घातली, ती दोन दिवस रक्त ओकली आणि मेली. मी तिला बाभळीखाली पुरलं आणि रविवारी त्याच टॉमीखाली बसून टाळ्या वाजवल्या. कोणाला सांगणार? साक्ष एकट्या त्याची राहिली नव्हती, सगळ्या मंडळीची झाली होती. मी एवढंच केलं, व्रत धरलं. पहाटे चारला उठून गुडघ्यावर, आणि दुपारी बारापर्यंत पोटात पाण्याचा थेंब नाही. त्याच्या रागासाठी. आता कळतं, उपास मला सोपा होता. मनगट धरायला जाणं अवघड होतं, म्हणून मी सोपं ते जास्त केलं.

यंदाच्या फेब्रुवारीतला रविवार. सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. चाळीसेक माणसं होती, बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. गाणं संपलं आणि दारात देवीलाल उभा राहिला. इंद्रजितचा धाकटा भाऊ, अठ्ठावीस वर्षांचा, याडीजवळ तांड्यावर राहणारा. सकाळीच प्यायला होता.

"याडी, ऊठ."

"अरे, प्रार्थना चालू हाय बापा. बस न खाली."

"पाहुने आल्ते महागाववरून. पोरगीवाले. पानी देयाले घरात कोनी नोयतं. दारातूनच वापस गेले."

याडी गोंधळली. "ते तं उद्या येनार होते न रे?"

"आज आल्ते! म्हने, याची माय देव बदलवून बसली, पोरगा मोकाट. सारा तांडा दात काढून राह्यला." तो चपला घालूनच जमिनीवर अंथरलेल्या दरीवर आला. "ऊठ म्हन्लं न!"

त्याने तिची वेणी धरली आणि ओढली. साठीची बाई, ती बसल्या जागेवरून पालथी पडली. तिचं तोंड हार्मोनियमच्या कोपऱ्यावर आदळलं. तिने मान वर केली तेव्हा पुढचे दोन दात नव्हते आणि हनुवटीवरून रक्त ओढणीवर उतरत होतं. देवीलालने वेणी सोडली नव्हती. तो तिला तसाच दाराकडे ओढू लागला आणि तिच्या गुडघ्यांनी दरी गोळा होत गेली.

इंद्रजित उठला. त्याने आधी टॉमीकडे नाही पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

ती नजर मला ओळखीची होती. सात महिने मी त्या नजरेसाठी चूल सोडून धावले होते. मी उठायला एक हात दरीवर टेकवलाही. तेवढ्यात मास्तर ओरडले, "प्रार्थना करा! सगळ्यांनी डोळे मिटा, प्रार्थना करा!" आणि मी मान खाली घातली. डोळे मिटले. प्रार्थनेला बसल्यावर आमेन होईपर्यंत उठायचं नाही, हेही माझं एक व्रत होतं.

मिटल्या डोळ्यांनी मी ऐकलं ते असं. खिळ्यावरून लोखंड निघाल्याचा किरकिराट. मग पावलं. मग भावाला हाक मारणारा देवीलालचा आवाज, एकदम लहान पोरासारखा, "भिया, नाई, भिया..." मग नडगीवर पहिला घाव. तो किंचाळला आणि धपकन पडला. दुसरा घाव कशावर बसला ते मला लगेच कळलं नाही. लोखंड हाडावर बसलं की कोरडा आवाज येतो, हा ओला होता. नंतर किंचाळी आली नाही, नुसती गुरगुर आली, पाणी तुंबलेल्या मोरीसारखी.

आणि सगळीकडून प्रार्थना. जितका घाव मोठा, तितकी प्रार्थना मोठी. मास्तर रडत ओरडत होते, "प्रभू, हात थांबव! प्रभू, त्याचा हात थांबव!" मीही तेच म्हणत होते. चाळीस माणसं देवाला म्हणत होती, हात थांबव, आणि त्यांचे सगळे ऐंशी हात जोडलेले होते.

मला वरून आवाज आला नाही. दर्शन झालं नाही. मला फक्त माझे जोडलेले हात दिसले, डोळे उघडल्यावर. त्यांना सकाळचं पीठ लागलेलं होतं.

मी उठले. देवीलाल उताणा पडला होता, त्याचा जबडा एका बाजूला सरकून लोंबत होता, आणि नाकातोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. याडी त्याच्या अंगावर आडवी पडायला रांगत होती. इंद्रजितने टॉमी डोक्याच्या वर नेली होती. हा घाव कपाळासाठी होता. मी मागून त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

त्याने मला झटकलं. मी भिंतीवर आदळले, पकड सुटली, तरी डावा हात मी पुन्हा पुढे घातला. टॉमी खाली आली ती माझ्या त्याच हातावर. कोपराखालचं हाड मोडलं. मी ते मोडताना पाहिलं, कातडीखालून टोक वर आलं. उजव्या हाताने मी पुन्हा धरलं. तो ओढत होता, मी फरफटत होते. त्याच्या मुठीला मी दात लावले आणि चावले, तोंडात त्याचं रक्त आलं. मग तोंड उघडून म्हणाले, "धरलं. मी धरलं रे. धरलं."

त्याचं मनगट थरथरायला लागलं. तसंच, इंजिनासारखं. मी मोठ्याने प्रार्थना म्हणू लागले आणि डोळे त्याच्या डोळ्यांवरून हलवले नाहीत. टॉमी दरीवर पडली.

देवीलालला दोन माणसांनी गाडीत घालून यवतमाळला नेलं. त्याच्या मागोमाग याडी जायला निघाली, पण आधी ओसरीवर सगळ्यांना थांबवून मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "दारू पिऊन होता. पायरीवरून पडला. एवढंच सांगा."

याडी तोंडात फडका कोंबून उभी होती. ती म्हणाली, "हो. पडला."

"आन मैनाचा हात?" कोणीतरी विचारलं.

"त्याले उचलायले गेली, तं पडली," याडी म्हणाली.

इंद्रजित हँडपंपाजवळ बसला होता. तो उठून आला. त्याच्या मुठीवर माझ्या दातांचा गोल होता.

"मी ठाण्यात जातो," तो म्हणाला.

मास्तर त्याच्या समोर आले. "इंद्रजित, आयक. तुही साक्ष पाहून किती लोकं आले इथं. उद्या ते हसतीन. प्रभूचं नाव जाईन. हे तू नाई केलं बापा, सैतानानं तुहा हात धरला होता."

"सैतानाचा हात कोठी होता जी तिथं?" इंद्रजितने आपली मूठ पुढे केली. "हा माहाच हाय. आन प्रभूनं माहा राग काढून नोयता नेला. तो रोज मले थोडं बळ देत होता, मी रोज थोडं वापरत होतो. म्या खोटं सांगतलं. म्या सांगतलं, काम झालं. तुमी मले त्या खिळ्याले टांगून मोकळे झाले, मीबी टांगून घेतलं."

मास्तरांचा चेहरा कसानुसा झाला. याडीच बोलली. तिने फडका काढला, रक्ताची लाळ पुसली. "एक पोरगा पलंगावर. दुसरा जेलात. मी डबा कोनाले नेऊ, सांग? माय हाय मी. मी सांगून राह्यली न, तो पडला म्हून. तुले काहून खरं बोलाची हौस आली आताच?"

तो तिच्या पायाशी बसला. "याडी, आज पडला म्हनलं, तं उद्या मी त्याले पुन्हा पाडीन. नाई तं हिले." त्याने माझ्याकडे न पाहता माझ्याकडे हात केला. "मले माहीत हाय मी कसा हाय."

याडीने त्याच्या डोक्यात चापट मारली, मग तिथेच हात ठेवला. मग दुसऱ्या गाडीत जाऊन बसली.

त्याने टॉमी फडक्यात गुंडाळली. माझा हात ओढणीने गळ्यात बांधून दिला, दोन लाकडाच्या पट्ट्या लावून. मी कळ दाबत होते.

"दवाखान्यात जाय तू," तो म्हणाला.

"आन तू?"

त्याने गाठ आवळली. "तू संगं आली असती तं... रस्त्यातून वापस फिरलो तं धराले."

मी गेले. ठाणं तिथून दीड किलोमीटर आहे. तो तीनदा थांबला. पहिल्यांदा आमच्या दुकानासमोर. दुसऱ्यांदा नागपूरकडे जाणारा ओळखीचा ट्रक उभा होता, ड्रायव्हर म्हणाला, "चाल येतं का इंद्रजित?" तिसऱ्यांदा ठाण्याच्या फाटकापाशी, तिथे तो खाली बसला. तीनही वेळा मी उजव्या हाताने त्याचं मनगट धरलं. मी ओढलं नाही. ओढायचं बळ माझ्यात नव्हतं, शुद्ध जायची वेळ आली होती. तीनही वेळा तो आपल्याच पायांनी पुढे निघाला. वर काय चाललं होतं ते मला माहीत नाही. खाली मात्र आम्ही दोघंच नव्हतो, एवढं मी शपथेवर सांगेन.

जमादाराने फडकं उघडून पाहिलं. "कोनाले मारलं?"

"भावाले."

"आन या बाईचा हात कोनं मोडला?"

"म्या."

"मंग मोडला असून ही तुह्या संगं कायले आली बे?"

मी म्हणाले, "तुमी लिहा जी. उत्तर लंबं हाय."

तेवीस दिवसांनी तो जामिनावर सुटला. केस चालू आहे, शिक्षा होईल असं वकील म्हणतात, आम्हीही तसंच धरून चाललो आहोत. दरम्यान मास्तरांनी क्रुसाजवळचे दोन्ही खिळे उपटले. भोकं बुजवू का, असं एकाने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. मले दिसू दे." त्या रविवारी ते पुढे उभे राहून रडले नाहीत की काही नाही. फक्त म्हणाले, आजपासून प्रार्थनेत ज्याला उठावंसं वाटेल त्याने उठावं.

सुटून आल्यावर दुसऱ्याच सकाळी इंद्रजित तांड्यावर निघाला. देवीलाल घरी आला होता. पाय प्लास्टरमध्ये, दात तारेने बांधलेले, गालाच्या फटीतून नळीने पातळ आंबील घ्यायचा. त्याला उचलणं, बसवणं, मोरीत नेणं एकट्या याडीला होत नव्हतं.

"तुले पाहून त्याचं रक्त तापन," मी म्हणाले.

"तापू दे. माहंबी तापन. तू चाल."

इंद्रजितने त्याला काखेत हात घालून बसवलं आणि आंबिलीचा ग्लास पुढे केला. देवीलालने ग्लास घेतला, भावाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तो स्टीलचा ग्लास भरल्याभरल्या त्याच्या कपाळावर हाणला. काठ लागून कातडी फाटली. आंबील आणि रक्त भुवईवरून एकत्र उतरलं. इंद्रजितचा उजवा हात मागे गेला, मूठ वळली, खांद्याच्या वर आली.

"धर," तो म्हणाला.

मी धरलं, एकाच हाताने, दुसरा गळ्यात होता. मनगट थरथरत होतं. मी मोठ्याने प्रार्थना म्हटली. देवीलाल भिंतीला टेकून आमच्याकडे पाहत होता, त्याला पळताही येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांत भीती होती, आणि भीतीच्या मागे आणखी काहीतरी होतं, ते मी वाचलं नाही. आमेन झालं. इंद्रजितने कपाळ पुसलं आणि याडीला म्हणाला, "हाय का अजून थोडी?"

दुसऱ्या दिवशीही देवीलालने ग्लास फेकला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी याडीने प्लास्टिकचा ग्लास आणला. "फोडा आता येकमेकाचे डोस्के," ती म्हणाली, आणि तिच्या दात नसलेल्या तोंडातून पहिल्यांदा हसल्यासारखा आवाज आला.

याला आता सहा आठवडे झाले. मी पहाटे चारला उठते, ते सोडलेलं नाही. फक्त बाराची वाट न पाहता भाकरी खाऊन निघते, कारण मनगट धरायला अंगात जोर लागतो. आज तांड्याकडे जाताना इंद्रजित म्हणाला, "आज नाई फेकनार तो. काल अर्धा ग्लास पेला."

"आन फेकला तं?"

त्याने चालता चालताच मनगट माझ्याकडे केलं.